साट्याची पोर

मास्तर कोणाचंही बोलणं सावलीत ऐकून घेत नसत. तुम्ही तोंड उघडलं, की ते तुमची बाही धरून तुम्हाला भर उन्हात ओढत. "इकडं ये भो, उजेडात बोल." मग डोळे बारीक करून चेहरा न्याहाळत, जणू तुम्ही माणूस नसून पॉलिस्टरचा तुकडा आहात.

त्यात त्यांचा दोष नव्हता. पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये ते तीस वर्षं कलर मास्टर होते. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो, उन्हात त्याची हिंमत होत नाही, हा त्यांचा धर्म. एकदा मशीन आणि मास्तर यांच्यात शेडवरून मतभेद झाला, तेव्हा शेठनं मशीन दुरुस्तीला पाठवलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण इतक्यांदा सांगितलंय की आता मला आठवतंसुद्धा.

मिलजवळच्या बमरोलीत मास्तरांची न् माझी गल्ली एकच, दोघंही पोटासाठी खानदेशातून इकडं आलेलो. माझं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरायचं दुकान. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख मीच ठरवलेली. मास्तरांना एकुलती एक मुलगी. तीही कापडाच्या रंगाचंच शिकणारी, बापाइतकी हुशार आणि आईपेक्षा हट्टी. तिला कॉलेजनं एका सेमिस्टरसाठी फिनलंडच्या विद्यापीठात पाठवायचं ठरवलं. सगळं जमलं होतं, फक्त बापाची सही हवी होती. ती फॉर्म घेऊन दुकानात आली, मागोमाग मास्तर.

"हे फिनलंड कसं काय आहे?"

"थंड. हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार," मी म्हणालो.

"मग ते लोक रंग कधी बघतात?" मास्तरांना त्या देशाची खरोखर दया आली. पण पेन काही उचलेनात. "एकटी पोर, बिनओळखीचा मुलूख. कोणाच्या भरवशावर पाठवू?"

मुलीचे डोळे भरून आले. तेवढ्यात मास्तरांनी फॉर्मवरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"एक्स्चेंज. म्हणजे अदलाबदल."

मंडळी, मी एवढंच बोललो. आईशप्पथ.

"म्हणजे साटंलोटं!" मास्तर ओरडले. "अगोदर सांगायचं ना भो!"

आमच्या खानदेशात साटंलोटं म्हणजे दोन घरांनी एकमेकांना मुली द्यायच्या. इकडं सुनेला टोचून बोललात, की तिकडं लेकीच्या ताटातलं तूप कमी झालंच म्हणून समजा. जगात याहून पक्का तह नाही. मास्तर खुशीत आले की अहिराणीत शिरत. "मन्ही पोर तठे, त्यासनी पोर आठे! माझी तिकडं, त्यांची इकडं. मग कसली काळजी?" आणि सही ठोकली.

तिकडून कोणीही येणार नाही, हे सांगायला सहीच्या आधी एक क्षण होता. मुलीनं माझ्याकडे बघितलं, मी झेरॉक्स मशीनकडे बघितलं, आणि तो क्षण आम्ही दोघांनी मिळून गिळला.

पोर विमानात बसली आणि मास्तर पाहुणीच्या तयारीला लागले. खोलीला स्वतः कालवलेला रंग दिला. फिनलंडच्या बर्फाशी मॅच व्हावा म्हणून माझ्या मोबाइलवरचा फोटो उन्हात धरून त्यांनी पाच पांढरे नापास केले. कमोड बसवला, तर तो बघायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या कोसाडहून पाहुणे आले. मास्तरांच्या घरच्या, आमच्या वहिनी, बिनतिखटाची भाजी शिकल्या. ती पहिल्यांदा ताटात पडली तेव्हा मास्तरांना वाटलं, आपल्याला कावीळ झाली आणि घरच्यांनी लपवून ठेवली.

रोज सकाळी दुकानाच्या पायरीवरून हाक यायची. "निघाली का भो त्यांची पोर?" मी रोज नवी अडचण घडवायचो. कधी व्हिसा, कधी बर्फ, एकदा तर विमानाला रेनडिअर आडवं गेलं. मशीन चालू आहे, बाहेर येता येत नाही, असं म्हणून सगळं आतूनच, ट्यूबलाइटखाली.

महिन्याभरानं एका सकाळी वीज गेली. मशीन थांबलं, माझं निमित्त संपलं. मास्तरांनी बाही धरून मला बाहेर काढलं. "आता बोल."

मी सगळं बोललो.

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. आवाज एकदम खाली गेला. "म्हणजे पोर मी तिकडं अशीच टाकून दिली? तिच्यासाठी इकडं कोणाला जपलंच नाही?" मग म्हणाले, "लाव फोन. उद्याच परत बोलवतो."

"मास्तर, तिचं सेमिस्टर वाया जाईल."

"लाव म्हटलं ना."

मी नंबर शोधत होतो, तेवढ्यात टांझानियाची एक मुलगी कागद घेऊन आली. इथल्याच कॉलेजात शिकायची. "भैया, लाइट कब आएगी?"

मास्तर तिच्याकडे वळले. "बेटा, माँ-बाप किधर है?"

"टांझानिया में, अंकल."

"इधर कौन है तेरा?"

तिनं नुसतेच खांदे उडवले.

"खाती क्या है?"

"नूडल्स."

मास्तरांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग "रविवार को घर पे खाना खाने का," असा हुकूम सोडला आणि मला म्हणाले, "फोन ठेव."

"अहो मास्तर, आपली पोर फिनलंडला, ही टांझानियाची!"

"परदेशच ना? मग झालं. आता साटं झालं, पोर परत आणता येत नाही."

पहिल्या रविवारी वहिनींनी बिनतिखटाची भाजी वाढली. पोरीनं ती सभ्यपणे संपवली आणि हळूच मास्तरांच्या ताटातल्या ठेच्याकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून फिक्या भाजीतून सगळ्यांचीच सुटका झाली.

आता मास्तर मिल सोडून गावी गेलेत. लेक सेमिस्टर पुरं करून परतली, टांझानियाची पोर डिग्री घेऊन आपल्या घरी गेली. मला मात्र मधला एक रविवार दिसतो. मीही जेवायला होतो. फिनलंडहून फोन आला. लेकीला चार दिवस ताप होता, आणि खालच्या मजल्यावरची एक म्हातारी रोज सूप घेऊन येत होती, उशाशी बसून पाजत होती.

"बाबा, मला तर तिचं नावसुद्धा नीट घेता येत नाही," लेक म्हणाली.

 मास्तरांनी फोन वहिनींकडे दिला, तव्यावरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी उचलली आणि समोर बसलेल्या टांझानियाच्या पोरीच्या ताटात टाकली.

"बस अंकल, पेट फट जाएगा!"

"आठे खाय बेटा," मास्तर म्हणाले, "तठे पोचस."