आबांनी पुसायला घेतलेली धूळ

आबा गावी कायमचं जायला बॅग भरून बसले होते, तेव्हा मी म्हटलं, "निदान एक संध्याकाळ माझ्याबरोबर चला, तारे बघू."

आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर मोटारींच्या कंपनीत, गाड्या रंगवायच्या पेंट शॉपमध्ये होते. बीडहून एकेक पुतण्याला त्यांनी संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत आणलं, कामाला लावलं, संसार थाटून दिला. आता आई गेली, सगळे पांगले आणि आबांचं एकच पालुपद, "हितं आता माजं काय काम हाय?" मला ते जायला नको होते.

भोसरी, मोशी, चाकण असा रस्ता. शिफ्ट सुटताना चाकण चौकात शिरू नका. आम्ही शिरलो आणि कंटेनरमागे अडकून गाडीतच वडापाव खाल्ले. चहासकट दोघांचं शंभराच्या आत भागलं. पुढे भामा आसखेड धरणापर्यंत रस्ता बरा आहे. थंडीतली अमावस्या गाठा, स्वेटर विसरू नका.

धरणाकाठी माझा मित्र नीलेश दुर्बीण लावून थांबला होता. मृग नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली धूसर ढग दिसतो, तो बघायचा होता. आबांनी डोळा लावला आणि लगेच म्हणाले, "काचंवर डाग हाय." खिशातून बनियनच्या कापडाचा तुकडा निघालासुद्धा! रंगावर एक कण दिसला तरी अख्खं बॉनेट परत घासायला लावणारा माणूस तो.

"आबा, थांबा!" नीलेश ओरडला. "डाग आकाशात आहे. खरीच धूळ आहे ती. मधले चार तारे दिसतात? त्यातला मोठा भलताच तापट. आसपासचा गॅस, धूळ ढकलून देऊन पोकळीत बसलाय."

"म्हंजी एकलाच पडला की."

"पण ढकललेलं कडेला दाबलं जातं ना, तिथे नवे तारे जन्मू शकतात."

"धुळीतनं? आन् मी जलमभर पुसत बसलो!" आबा हसले. मग कितीतरी वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मी गारठले होते, स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्या.

परतताना चाकणला म्हणाले, "संज्याचं घर हितंच ना? वळीव गाडी."

संजू माझा चुलतभाऊ, आबांनी बीडहून आणलेल्यांतलाच एक. दार उघडून आधी पायाच पडला. "काका, फोन तरी करायचा, राव!" त्याची लेक आबांच्या मांडीवर चढून बसली ती पिठलं-भाकरी होईपर्यंत उतरली नाही.

घरी आलो. बॅग दाराशीच होती.

"माळ्यावर टाक ती," आबा चपला काढत म्हणाले. "आन् रविवारी समद्यांना जेवाय बोलीव."

बॅग चांगलीच जड होती. मी एका दमात वर टाकली.