आपल्यात कोण पितं?

माझ्या नवऱ्याला दत्तगुरू दिसले, असं तेव्हा मी छातीठोकपणे सांगायचे. मध्यप्रदेश राज्य नुकतंच झालं होतं. आम्ही इंदुरात, जुनी इंदूर भागात राहत होतो आणि हे गिरणीत क्लार्क होते. बारा वर्षं पीत होते. मी सप्ताह मांडला, तसं यांनी देवापुढे शपथ घेऊन बाटली एकदम सोडली. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घाम सुटला, आणि हे भिंतीकडे हात जोडून दत्तगुरूंशी बोलू लागले. सासूबाईंनी भिंतीला हळदकुंकू वाहिलं. मीही वाकले, पण मनात पाल चुकचुकलीच.

ताप चढल्यावर सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर मराठीच. "पीत तर नसतील?" त्यांनी संकोचून विचारलं. मी म्हणाले, "नाही जी, आपल्यात कोण पितं?" त्यांनी मेंदूचा थकवा लिहून टाकला. शेजारच्या खाटेवर एक भील होता. त्याच्या बायकोला मात्र दारूखेरीज काहीच विचारलं नाही.

ती बाई सारखी आमच्याकडे बघायची. करणीबिरणी करते की काय, म्हणून मी तांब्या झाकून ठेवायचे, पिशवी मांडीखाली घ्यायचे. दुसऱ्या दुपारी यांना झटका आला. मी नुसती जप करत राहिले. तीच धावली, यांना कुशीवर वळवलं आणि विचारलं, "बई, थारा आदमी ने कितरा दन से नी पी?"

"तेरे को किसने बोला?" मी संशयाने म्हटलं. यांनी किती दिवस घेतली नाही, हे विचारायचं हिला सुचलं कसं?

"म्हारा वाला के कीड़ी दिखे, थारा वाला के भगवान. बोतल तो एकज है. डाक्टर के बोल दे, नी तो मरी जायगो."

तिच्या माणसाला मुंग्या दिसतात, माझ्या माणसाला देव, पण बाटली एकच, म्हणे! मला संताप आला. हिनं मला शहाणपण शिकवावं? पण जपाला बसले तर नाम येईना, तिचंच बोलणं कानात. उठले, आणि माहेरीसुद्धा कधी न उच्चारलेलं डॉक्टरांना सांगितलं, "हे पितात." औषध बदललं. त्यानंतर चौथ्या दिवशी यांनी मला ओळखलं.

भिंतीवर कोण आलं होतं, मला ठाऊक नाही. माझ्या भक्तीत अब्रूची काळजी किती होती, हा संशय अजून जात नाही. ती अब्रू देवाच्या पायाशी ठेवायची होती. ते त्यानंच माझ्याकडून करवून घेतलं, एवढं मानते आणि हात जोडते.

निघताना त्या बाईच्या पाया पडायला गेले. खाट रिकामी होती. नर्सला नाव विचारलं. "भीलनी थी, गई अपने गाँव. नाम तो आपको पता होगा, आप ही पास में बैठती थीं."