पाच सेकंदांत बाहेर

वेल्डिंगच्या दुकानात कापून उरलेले तुकडे आपण कोपऱ्यात टाकत जातो आणि एक दिवस बघतो, तर बसायला जागा नाही! या पोरांच्या किश्श्यांचं तसंच झालं. इंजिनिअरिंग कॉलेजची ही पोरं. रेसची नवी गाडी बांधायला धुळ्याला हायवेवरच्या माझ्या दुकानात आली. मी चौथी शिकलेला, ट्रॉल्या आणि गेट बनवणारा. पण पोरं कुणालाही सांगतात, "नाना आमचे चीफ इंजिनिअर!"

*

कॅप्टन तेजसला एकच ध्यास, वजन कमी! जागा दिसली की ड्रिलनं भोक. एकदा माझ्या स्टुलाकडे टक लावून बघत होता. मी म्हटलं, "बेटा, हे गाडीत लागत नाही!"

*

सांगाडा पूर्ण झाला, त्या दिवशी माझ्या बायकोनं, म्हणजे पोरांच्या अक्कानं, पुढं लिंबू-मिरची बांधली. तेजसनं ती लगेच छोट्या काट्यावर ठेवली. "अक्का, पंचेचाळीस ग्रॅम!"

अक्कानं शांतपणे एक मिरची काढली. "आता बघ."

*

चारही चाकांवर वजन सारखं पडतंय का, ते बघायचं होतं. तेजसच्या मामांनी फैजपूरहून केळी मोजायचे चार काटे पाठवले, सोबत काटेवाले युसूफभाई. चाकं काट्यांवर चढली. युसूफभाई खणखणीत आवाजात आकडे सांगत गेले. बेरीज झाली आणि पोरं नाचायला लागली. ठरवल्यापेक्षा गाडी सोळा किलोनं हलकी!

युसूफभाई खूश होऊन म्हणाले, "दांड्याचे चार-चार किलो वजा करूनच सांगितलं बरं का! केळीच्या घडामागं कापतो तसं."

नाच थांबला.

*

गाडी चालवणार होती वैष्णवी. रेसआधीच्या टेस्टिंगचा नियम कडक. पट्टे बांधून बसलेल्या ड्रायव्हरनं पाच सेकंदांत गाडीबाहेर यायचं. नाही जमलं, तर गाडी रेसला उतरणारच नाही. वर्षभराची मेहनत तिथंच उभी!

आणि वैष्णवीला लागत होते आठ. कधी पट्टा अडकायचा, कधी कोपर. मी सगळ्या कडा कानशीनं घासून गोल केल्या, पोरीला लागू नये म्हणून. मग साडेसात झाले. ती रडवेली झाली. मी हळूच म्हटलं, "बेटा, सावकाश. घाई करू नको."

ती रडता रडता हसली. "नाना, घाईच तर करायची आहे!"

*

टेस्टिंग दोन दिवसांवर आलं. कॉलेजच्या मैदानावर वैष्णवी पट्टे बांधून बसली. तेजसनं मोबाईलवर घड्याळ लावलं आणि म्हणाला, "स्टार्ट!"

तेवढ्यात गेटमधून एक मोटारसायकल आत आली. वैष्णवीचे वडील! एसटीचे ड्रायव्हर. पोरीनं घरी सांगितलं होतं, मी टीममध्ये फक्त फायली लिहिते.

"पप्पा!"

पट्टे कधी सुटले, स्टिअरिंग कधी निघालं, कळलंच नाही. पोरगी गाडीच्या पलीकडे उभी, हेल्मेट पाठीमागे लपवून!

वडिलांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. वाकून पेडल पाहिले. मग मला अहिराणीत विचारलं, "नाना, याले ब्रेक शे ना?"

"शे ना भाऊ. मी सोता बसाडेल शे."

ब्रेक मी स्वतः बसवलाय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. पोरीनं लपवलेल्या हेल्मेटकडे बघून म्हणाले, "दपाडू नको. घाल ते डोक्यात."

इकडे तेजस मोबाईलकडे बघत राहिला होता. बाहेर यायला फक्त चार सेकंद! तो धावत आला आणि त्यानं वडिलांचे दोन्ही हात धरले.

"काका, परवा रजा मिळेल का? काही करायचं नाही. फक्त गेटमधून आत यायचं!"