सालीच्या पाकाची कृती

माझी बायको कुणाशी भांडत नाही, असं आमचे हे चारचौघांत सांगत. खोटं आहे ते. मी भांडते. एका मैत्रिणीशीच तेवढी पोटभर भांडले नाही, त्याचा राग अजून गेला नाही.

तेव्हा उन्हाळा लागला की सरकार नागपूर सोडून पचमढीला जायचं, आणि कचेरीतले कारकून त्याच्या मागोमाग. हे एरवी एकटेच जात. त्या वर्षी पोटाचं दुखणं होतं, म्हणून पथ्याचं करायला मला नेलं. आमच्या खोल्यांमागे एका साहेबाचा बंगला होता. त्याचा खानसामा मागच्या ओट्यावर बसून संत्री सोलायचा आणि साली अगदी जपून ठेवायचा. मला हसू आलं. आमच्याकडे सालींचे ढीग उकिरड्यावर पडायचे. हा त्यांचे दोऱ्यासारखे काप करून साखरेत शिजवायचा नि बाटल्यांत भरायचा. मी सोवळ्याची बाई, कुंपणापलीकडे पाऊल टाकलं नाही. पण बघायला कुणाची मनाई? पंधरा दिवस पाहून घेतलं. "कडवा ही रहने देते हैं, बाई, साहब को वही भाता है," तो लांबूनच म्हणाला.

आपल्या लोकांना कडू कशाला चालतंय? संत्र्याचे दिवस आल्यावर मी घरी करून पाहिलं, तर तीन खेपा फुकट गेल्या. शेवटी पानाच्या डब्यातल्या चुन्याची निवळी केली, काप तिच्यात भिजवले, धुऊन दोन पाण्यांत उकळले, मग पाकात टाकले. कडवटपणा गेला आणि काप टणकही राहिले. ह्यांनी पोळीशी तीनदा मागून घेतलं.

मुलगी तेव्हा चौथी पास झाली होती. तिला पुढे इंग्रजी शाळेत घालायचंच, असं मी धरून बसले होते. "फी तू आण, मग पाठवतो," हे म्हणाले. त्यांना वाटलं, बाई गप्प बसेल. मी बाटल्या धुवायला घेतल्या.

त्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं इतवारीच्या बाजारात किराण्याचं दुकान होतं. तिला चाखायला दिलं, मुलीच्या फीचंही सांगितलं. "मस्त झालं वं," ती म्हणाली, "संक्रांत होऊ दे, मग ठेवू तुह्या बाटल्या दुकानात."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून फण्या आणल्या होत्या. सगळ्या बायकांसमोर ती म्हणाली, "मले फणी नको वं. त्या सालीच्या पाकाची कृती दे वाणात." बायका हसल्या. सवाष्णीनं तोंडानं मागितलेलं वाण नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगते, मला बरंही वाटलं. तिला आत नेऊन सगळं सांगितलं, चुन्याच्या निवळीसकट.

होळीच्या सुमारास हेच एक बाटली घेऊन घरी आले. "इतवारीत मिळायला लागलं. अगदी तुझ्यासारखं झालंय," म्हणाले. मी चाखलं आणि तशीच उठून तिच्या घरी गेले. ती चुलीवर भलीमोठी कढई ठेवून ढवळत होती.

"हे काय केलंस?"

"काहून, काय झालं? वाण दिलं होतं ना तुनं?"

"माझ्या पोरीची शाळा होती त्यात. तुला ठाऊक होतं."

"दुकान आमचं, साखर आमची. कृतीचं काय वं, आज ना उद्या कोणी केलंच असतं. अन् दिलेलं वाण परत मागून राहिली, शोभते का तुले?"

एवढं बोलताना तिचा हात थांबला नाही. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. तशीच परत फिरले. माझ्या बाटल्या घेऊन मी आणखी दोन दुकानांची पायरी चढले. दोन्ही दुकानदारांनी चाखून एकच सांगितलं, "ही तर त्या दुकानाची चीज आहे बाई. नक्कल कशाला ठेवू?"

शाळा उघडायच्या दिवशी मुलगी सकाळपासून माझ्याभोवती घुटमळत होती. दुपारी म्हणाली, "आई, मला तसंही नव्हतंच जायचं." खोटं बोलत होती. मी तिला खोटं बोलू दिलं.

पुढल्याच वर्षी तिचं लग्न झालं. सासरहून तिची पत्रं येतात. अक्षर अजून चौथीतलंच आहे.