दोन लाल बॅगा

आमच्या टीमच्या मीटिंगला नवीन माणूस आला की त्याला मी आधीच सांगून ठेवतो, "बॅग हा शब्द काढू नकोस." काढला की संपलं. चहा थंड होतो, मीटिंगचा विषय राहतो बाजूला आणि किस्से सुरू होतात. एवढे साठलेत की माझी बायको हल्ली म्हणते, "बॅगेचं सोडून काहीही बोल, मी ऐकते."

टीम म्हणजे मुलुंड-भांडुपची दहा-बारा माणसं. डोंगरात कोणी पडलं, वस्तीवर दरड आली की फायर ब्रिगेडच्या मदतीला पळायचं. नंदूदादा आमचा म्होरक्या, भांडुपला त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. हेम्या कोळ्याचा, दोर त्याच्याकडे. प्राची नर्स आहे आणि औषधपाण्यातलं कळणारी आमच्यात ती एकटीच. मी दिवसभर इन्शुरन्सचे क्लेम बघतो आणि कॉल आला की स्ट्रेचर उचलतो.

* * *

सुरुवात भांडुपच्या टेकडीवरची. पावसात भिंत कोसळली आणि एका काकांचा पाय खाली अडकला. आम्ही दगड काढले तसं रक्त जोरात यायला लागलं. प्राचीने बॅग ओढली आणि चेन अडकली! चिखल आत गेला होता. तिने ओढून पाहिलं, मी ओढून पाहिलं, चेन जागची हलेना. नंदूदादा दोन्ही हातांनी जखम दाबून बसला होता आणि ओरडत होता, "पट्टी दे गं, पट्टी!"

काका मालवणकडचे. त्यांनी प्राचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चेडवा, सावकाश कर. माका खंय जावचा आसा?"

शेवटी हेम्याने चाकूने बॅग फाडली. काका वाचले, पाऊल मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, ते तसंही गेलंच असतं. प्राचीने ते ऐकलं, पण तिला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने फाडलेली बॅग टेबलावर टाकली.

"बॅगेत हात घातला की वस्तू हातात आली पाहिजे. पुन्हा एकदा असं झालं ना, तर मी टीम सोडली असं समजा."

प्राची गेली तर आम्ही नुसते हमाल उरलो असतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

* * *

मग दुकानं सुरू झाली. अंधेरीच्या एका मोठ्या दुकानात मी आणि प्राची गेलो. सेल्समन एकदम झकास बोलणारा. बाटलीचा कप्पा, मोबाइलचा कप्पा, लॅपटॉपचा कप्पा, सगळं दाखवून झालं. प्राचीने डोळे घट्ट मिटले आणि एकेक बॅग चाचपडून उघडायला लागली. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघायला लागली.

"मॅडम, ट्रेकला चाललाय का?"

"नाही," डोळे न उघडता ती म्हणाली, "ट्रेकला गेलेल्यांना आणायला."

त्या पोराने लॅपटॉपची बॅग परत फळीवर ठेवली.

* * *

हेम्याचं म्हणणं, पाणी आत गेलं नाही पाहिजे, बाकी सगळं नंतर. त्याने कुठूनतरी एक वॉटरप्रूफ बॅग पैदा केली. तोंड गुंडाळून बंद करायची, हवासुद्धा बाहेर जाणार नाही अशी. ती पाठीला बांधून पठ्ठ्या सरावाला खाणीच्या डबक्यात उतरला.

बॅग तरंगली. मस्त तरंगली. पण ती वर आली तसा हेम्याचा चेहरा खाली गेला. छातीवरचं बक्कल त्याला ओल्या हातमोज्यांनी उघडेना. आम्ही काठावरून हसत होतो, आम्हाला वाटलं साहेब पोहून दाखवतायत. प्राची मात्र हसत नव्हती. ती कपड्यांसकट पाण्यात गेली आणि कात्रीने पट्टा कापला.

हेम्या काठावर पडून खोकत होता. जन्म पाण्यात गेलेला माणूस खाणीच्या डबक्यात बुडून मेला असता, आणि तेही बॅगेमुळे. आमची सगळ्यांचीच तंतरली होती. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पण आत एक थेंब गेला नाय हां."

प्राचीने कात्री पुसली. "बक्कल एका हाताने उघडलं पाहिजे," एवढंच म्हणाली.

* * *

नंदूदादाला हे वरवरचं वाटायला लागलं. "भरलेल्या बॅगेची टेस्ट घ्यायला हवी," म्हणाला. पण औषधं कोण आपटणार? म्हणून वाळू. आणि वाळू नुसती ओतायची नाही, वजन खऱ्या सामानासारखं सगळीकडे बसलं पाहिजे, म्हणून वाळूच्या छोट्या पिशव्या. त्यासाठी जाड कापड हवं होतं. घरात हाताला आली ती चादर त्याने कापली आणि वर्कशॉपशेजारच्या टेलरकडून पिशव्या शिवून घेतल्या.

ती वहिनींची चांगली चादर होती. पिवळ्या फुलांची, पाहुणे आले की काढायची. वहिनी त्याच्याशी बोलायच्या थांबल्या. डबा द्यायच्या, पण शब्द नाही. दादा आम्हाला म्हणाला, "चालेल रे. बॅग तरी पास झाली."

कारण टेस्ट जोरात झाली होती. दादाने वाळू भरलेली नवी बॅग त्याच्या सोसायटीच्या गच्चीवरून खाली टाकली आणि ती कशी पडते ते बघायला आम्ही सगळे वर थांबलो. खाली सेक्रेटरींनी एकटीच पडलेली जाड बॅग बघितली. आम्ही जिने उतरून येईपर्यंत त्यांनी अर्धी सोसायटी गेटबाहेर काढून पोलिसांना फोन केला होता. हवालदार लांबूनच विचारत होते, "आत काय आहे?"

"वाळू," दादा म्हणाला.

"वाळू कशाला?"

याचं उत्तर द्यायला एक तास लागला.

* * *

तर पास झालेली बॅग लाल. सुटकेससारखी पूर्ण उघडणारी, चेन नाही, मोठं बक्कल. आम्ही तशीच आणखी एक घेतली. पहिली राहिली सरावाला, वाळूची. दुसरी प्राचीने स्वतः भरली. डोळे बांधून तिने आमच्यासमोर एकेक वस्तू काढून दाखवली. पट्टी म्हटलं की पट्टी, कात्री म्हटलं की कात्री. कितीतरी दिवसांनी ती हसली. दादाने दोन्ही बॅगा दोन हातांत तोलल्या. "बघ, वजनसुद्धा सेम टू सेम." त्याला त्याचं भारी कौतुक.

खरीवर पांढरा प्लस चिकटवायचा होता. रविवारी चिकटवू म्हणालो.

शनिवारी दुपारी कॉल आला. मुलुंडच्या मागच्या डोंगरात एक कॉलेजचा मुलगा खडकावरून घसरून घळीत पडला होता. प्राचीने बॅग उचलली, पाठीला मारली आणि आम्ही चढलो. ऊन रणरणत होतं. मुलगा शुद्धीवर होता, पायाची बोटं हलत होती, पण मान दुखतेय म्हणत होता आणि रडत होता. "हलू नकोस राजा, अजिबात हलू नकोस," म्हणत दादा त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"प्राची, मानेची कॉलर."

प्राचीने बक्कल उघडलं. एका हाताने, पहिल्या झटक्यात. बॅग उघडली आणि ती तशीच बसून राहिली. मी वाकून बघितलं. आत पिवळी फुलं होती.

खाली जाऊन खरी बॅग आणायची म्हणजे तासभर गेला. दादाचे हात आत्ताच भरून आले होते आणि त्याची नजर मुलावरून हलत नव्हती.

"कॉलर दे गं!"

"दादा, हात काढू नकोस," प्राची म्हणाली. आवाज एकदम थंड होता.

तिने दोन पिशव्या घेतल्या. एक मुलाच्या डोक्याच्या डावीकडे टेकवली, एक उजवीकडे. वाळू दाबून दाबून कानांभोवती बसवली. हेम्याकडची चिकटपट्टी कपाळावरून आडवी घेतली. मान हलेनाशी झाली. मग ती म्हणाली, "आता सोड."

दादाने हात सोडले आणि तेव्हा त्याला फुलं दिसली.

फायर ब्रिगेडची माणसं आली, आम्ही स्ट्रेचर खाली आणला. हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय त्या पिशव्या काढायला गेला तेव्हा डॉक्टर ओरडले, "एक्स-रे होईपर्यंत हात लावू नका!" मानेच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर निघालं. मुलगा पुढे स्वतःच्या पायांनी घरी गेला.

प्राची दोन दिवस कुणाचा फोन घेत नव्हती. आम्हाला वाटलं, टीम सोडून गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही वर्कशॉपमध्ये तोंड पाडून बसलो होतो तेव्हा ती आली, लाल बॅग टेबलावर ठेवली आणि दादासमोरच वहिनींना फोन लावला.

"वहिनी, ती पिवळी चादर थोडी उरलीये का हो? खऱ्या बॅगेतही दोन वाळूच्या पिशव्या ठेवायच्यात."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज आला.

"चादर संपली," वहिनी म्हणाल्या. "उशांचे अभ्रे आहेत. पाठवते त्याच्याकडून."