एकवीस खोटे जखमी आणि एक खरा

फील्ड हॉस्पिटलला माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी लेफ्टनंट होते, वय तेवीस, आणि मला सगळं येत होतं. हे शेवटचं मी स्वतःच ठरवलेलं होतं. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये येऊन जेमतेम अकरा महिने झाले होते. युनिफॉर्मला इस्त्री इतकी कडक, की मोडेल म्हणून बसतानाही मी जपून बसायचे. तेव्हाचा फोटो बघून माझी नात विचारते, "आजी, तुला खुंटीला कुणी टांगलं होतं?" कुणी नाही गं. मीच स्वतःला टांगून घेतलं होतं.

सरावासाठी आमचं हॉस्पिटल नगर जिल्ह्यात आलं. घोडेगावच्या पलीकडे, खडकाळ माळावर, तंबूत. माझं माहेर शेवगावचं, म्हणजे तसं जवळचंच. हे मी कुणालाही सांगितलं नाही. मॅडम शेवगावच्या आहेत हे कळलं तर माझा रुबाब जाईल, अशी मला भीती होती. मराठी जवानांशीही मी हिंदीत बोलायचे.

सरावातल्या हॉस्पिटलात पेशंट खोटे असतात. धडधाकट जवानांच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवतात: 'पोटात गोळी', 'उजवा पाय तुटला'. प्रत्येकाला कॅज्युअल्टी नंबर असतो. सरावाला गुण देणारे ऑफिसर, म्हणजे अंपायर, आले की त्यांनी कण्हायचं. अंपायर गेले की उठून चहा प्यायचा. माझ्या तंबूत असे एकवीस होते.

बाविसावा खरा होता. लान्स नायक भानुदास, ड्रायव्हर, घोडेगावजवळचाच. पहिल्याच दिवशी ओढ्यात रुतलेला ट्रक खांद्याने रेटताना त्याचा जुना हर्निया बाहेर आला आणि अडकला. आतडं काळं पडायच्या आत ऑपरेशन करणं भाग होतं. १४०० अवर्सला, म्हणजे दुपारी दोनला, टेबलावर घेतलं. तो नुकताच जेवलेला. पूर्ण भूल दिली तर पोटातलं अन्न वर येऊन फुफ्फुसात जायची भीती. म्हणून भूलतज्ज्ञ मेजरसाहेबांनी स्पायनल द्यायचं ठरवलं.

स्पायनल म्हणजे कमरेत, दोन मणक्यांच्या मधून सुई घालतात आणि आतल्या पाण्यात औषध सोडतात. माणूस जागा राहतो, कमरेखालचं शरीर झोपतं. भानुदासला बसवून उशी कवटाळायला दिली. मी त्याचे खांदे धरले. आजची सुई केसासारखी बारीक असते. तेव्हाची जाड, उकळून पुन्हा पुन्हा वापरलेली. ट्रक हाकून हाकून त्याची पाठ ताठ झालेली. तिसऱ्या खेपेला सुईतून पाण्याचा थेंब आला. साहेबांचा हात आज चालत नाही, असं मी मनात म्हटलं. मी स्वतः जन्मात कधी स्पायनल दिलं नव्हतं.

"पाय गरम झालं," भानुदास म्हणाला. थोड्या वेळाने मान उचलून बघत, "मॅडम, ह्ये पाय कुनाचे?"

मग त्याने जांभई दिली. मळमळतंय म्हणाला. मेजरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बी.पी. एकशेवीसवरून ऐंशीवर. पायातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त खालीच राहतं.

"ड्रिप फास्ट. पाय वर."

शिरेतून औषध गेलं. चार मिनिटांत एकशेदहा. पुढे ऑपरेशनभर भानुदास बोलत होता.

"टाके निघाले की सुट्टी हाय मॅडम. घोडेगावच्या बाजारातनं म्हैस घेनार. मंडळीला शब्द दिलाय. तुमी कुठल्या?"

"ऑपरेशन में बात नहीं करते."

"बोलन्यावरनं आमच्याकडच्याच वाटता."

मी मास्क वर ओढला.

संध्याकाळी पायाची बोटं हलली. लघवी अडकली, नळी घालून काढली. असं होतं. तिसऱ्या दिवशी उठून बसला आणि डोकं धरून परत आडवा झाला. मेजरसाहेबांनी मला समजावलं. माठाला बारीक छिद्र पडावं तसं सुईच्या भोकातून आतलं पाणी पाझरतं. बसलं किंवा उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जातो आणि डोकं दुखतं. आडवं झालं की थांबतं. झोपवून ठेवा, पाणी आणि चहा भरपूर द्या. बहुतेकांचं आपोआप भरून येतं.

"जोपर्यंत आडवं पडल्यावर थांबतंय, तोपर्यंत काळजी नाही. हे बदललं तर लगेच कळवा."

यातलं पहिलं वाक्य मी कार्डावर सुबक अक्षरात लिहून त्याच्या उशाशी लावलं. दुसरं लिहिलं नाही. कार्डावर जागा होती.

पाचव्या दिवशी मेजरसाहेब पुढच्या कॅम्पला गेले. त्यांच्या मागे स्पायनलची तज्ज्ञ मीच. एकवीसही खोट्या जखमींना मी ते पाणी, तो माठ आणि ते छिद्र समजावून सांगितलं. बिचारे चिठ्ठ्या गळ्यात घालून ऐकायचे.

सातवा दिवस. १००० अवर्सला जनरलसाहेबांची पाहणी. ती झाली की भानुदासचे टाके काढायचे. भानुदासच्या शेजारी एक शिपाई होता, चिठ्ठी 'डोक्याला मार: उलटी, गुंगी'. नाटकाची हौस असलेला गडी. पहाटेपासून तालीम चालली होती.

०६०० च्या राउंडला भानुदास म्हणाला, "मॅडम, आता पडूनबी दुखतंय."

"लेटकर दर्द नहीं होता. लेटने पर रुकता है. कार्ड पढ़ो."

त्याने मान वळवून कार्ड वाचलं. डोळे बारीक करून, सावकाश.

"व्हय मॅडम."

मी केसशीटवर लिहिलं: ०६०० अवर्स, डोकेदुखी, आडवे झाल्यावर आराम. माणसाने समोर उलटं सांगितलं होतं आणि मी त्याला त्याचंच दुखणं दुरुस्त करून दिलं.

०८१५ ला त्याला उलटी झाली. शेजारच्याने नुकताच ओकारीचा मोठा आवाज काढला होता.

"पड़ोसी से सीखा क्या?" मी म्हणाले. तंबू हसला. भानुदासही हसायला गेला, पण तोंड एकाच बाजूला ओढलं गेलं. मला ते दिसलं. चादरीची घडी वाकडी होती, तीही दिसली. मी आधी चादर सरळ केली.

१०१० ला जनरलसाहेब आले.

"कैसे हो जवान?"

भानुदासने डोळे उघडले. "ठीक हूँ साब."

जनरलसाहेब पुढे गेले. मागून येणाऱ्या अंपायरने दोन्ही खाटांकडे बघितलं. त्याला वाटलं, चिठ्ठी भानुदासचीच. "व्हेरी गुड. ये बिलकुल असली लगता है." त्याने वहीत गुण दिले. मी "थँक यू सर" म्हणाले. चूक दुरुस्त केली नाही. गुण माझ्या वॉर्डाचे होते.

१०४० ला हवालदार पिल्ले माझ्याजवळ आले. अठरा वर्षं नोकरी झालेले नर्सिंग असिस्टंट. आवाज खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, चिठ्ठीवाला चाय पी रहा है. चिठ्ठी के बिना वाला उठ नहीं रहा."

मी टॉर्च घेऊन धावले. डाव्या डोळ्याची बाहुली बारीक. उजवी मोठी, प्रकाश टाकला तरी हलेना.

"भानुदास! आरं ए भानुदास, बोल की रं!"

सात दिवसांत पहिल्यांदा माझ्या तोंडून शेवगाव बाहेर आलं. त्याचे ओठ हलले.

"व्हय."

त्यानंतर तो काही बोलला नाही.

सर्जनसाहेबांनी एकदाच डोळे पाहिले. पाणी फार दिवस पाझरत राहिलं, मेंदू खाली ओढला गेला, की वरच्या नाजूक शिरा कधीतरी फाटतात. कवटीच्या आत रक्त साचतं. क्वचित होतं. डोकं उघडायची सोय तंबूत नव्हती, नगरला न्यायला हवं होतं. माळावर टँक फिरत होते. सराव चालवणाऱ्या कंट्रोलच्या परवानगीशिवाय गाडी हलवायची नाही, असा हुकूम होता. मी रेडिओ घेतला.

"कंट्रोल, मेडिकल बोल रही हूँ. अर्जंट कॅज्युअल्टी. रास्ता क्लिअर चाहिए. ओव्हर."

"मेडिकल, कंट्रोल. रॉजर. कॅज्युअल्टी नंबर बताइए. ओव्हर."

"नंबर नहीं है. नाम है. लान्स नायक भानुदास. ओव्हर."

"मेडिकल, नंबर के बिना एन्ट्री नहीं होगी. ओव्हर."

"ये एक्सरसाइज नहीं है! असली है! ओव्हर."

पलीकडे कुणीतरी हसलं. "मेडिकल, अंपायर साहब खुश होंगे. नंबर बताइए. ओव्हर."

सर्जनसाहेबांनी रेडिओ माझ्या हातातून ओढून घेतला. ते काय बोलले ते इथे छापता येणार नाही. रस्ता ११२२ ला मोकळा झाला.

अँब्युलन्समध्ये मी आणि पिल्ले. श्वास मंद होऊ लागला तसा पिल्लेंनी तोंडावर मास्क धरून हवेची पिशवी दाबायला घेतली. घोडेगावला बाजार भरला होता. गाडी म्हशींच्या मधून, हॉर्न वाजवत, पायी चालल्यासारखी चालली होती. शिंगं पत्र्याला घासत होती. १२०५ ला मला नाडी लागली नाही. पिल्ले पिशवी दाबत राहिले. नगरच्या डॉक्टरांनी त्यांचे हात बाजूला केले तेव्हा १२५० झाले होते.

चौकशी झाली. केसशीट वाचलं गेलं. सकाळी आराम होता, मग अचानक बिघडलं, क्वचित होणारी गुंतागुंत, कुणाचा दोष नाही. पिल्ले माझ्याकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं नाही, मीही नाही. पुढे एकवीस वर्षं नोकरी केली, मेजर होऊन निवृत्त झाले. वॉर्डात कार्ड लावलेलं दिसलं की काढून टाकायचे. पेशंटला 'बरं आहे ना?' असं कधी विचारलं नाही. 'काय होतंय?' असं विचारायचे आणि उत्तर संपेपर्यंत पेन उघडायचे नाही.

यंदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, स्पायनलखालीच. भूल देणारा डॉक्टर माझ्या नातीहून थोडाच मोठा. म्हणाला, "आजी, नंतर डोकं दुखलं तर आडव्या पडा, थांबेल."

"आणि पडून नाही थांबलं तर?"

तो वाकून माझ्याजवळ बसला. "मग एक मिनिटही थांबायचं नाही. मला फोन."

"हे सगळ्यांना सांगतोस, की मी खोचकपणे विचारलं म्हणून?"

"सगळ्यांना सांगतो."

"मग टोच."

डोकं दुखलं नाही. तरी तीन दिवस मी दर तासाला बसून बघत होते, आडवी पडून बघत होते. नातीला वाटलं, म्हातारीला खेळ सुचलाय.

सरावात गेलेल्यांची नावं दगडावर कोरत नाहीत. भानुदासचं नाव त्याच्या घरी असेल. त्याच्या मंडळींसमोर जाऊन उभं राहायचं धाडस मला कधी झालं नाही. वॉर्डची नोंद मात्र माझ्या हातची होती आणि ती खोटी आहे. ती आज दुरुस्त करते.

०६०० अवर्स. लान्स नायक भानुदास, ड्रायव्हर. स्पायनलनंतरचा सातवा दिवस. पेशंट स्वतः सांगतो: डोकं आता पडूनही दुखतंय.