इंदूची वही, तीन बाजूंनी कापलेली

आमच्या भाऊजीचा मले राग यायचा, तो काही आजचा नाही. माझी मोठी बहीण इंदू त्यायच्या घरी लग्न होऊन गेली, तेव्हापासूनचा आहे. माणूस वाईट नाही हो. दारू नाही, विडी नाही, कोणाले उलटून बोलणं नाही. पण नीटनेटकेपणाचं वेड असं, की बाप्पा! पोळीचा काठ जरा वाकडा दिसला की तो आधी तोडून खाणार, पोळी गोल करणार, मग जेवणार. मी एकदा इंदूले म्हटलं, तुह्या नवऱ्याले जेवायले ताट नको देऊ, फूटपट्टी दे. ती इतकी हसली की तिले ठसका लागला.

गंगाधर डोर्लीकर त्यायचं नाव. रायपुरात ब्राह्मणपाऱ्यात मंदिराच्या मागच्या गल्लीत त्यायचं बुक बाइंडिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली. एका बाजूले लोखंडी शिकंजा, त्यात वह्या दाबून ठेवाच्या. दुसऱ्या बाजूले चाकाची कटिंग मशीन. कोपऱ्यात लेईचा, म्हणजे चिकटवायच्या खळीचा डबा. लेईत मोरचूद घातलेलं असते, म्हणून त्यायच्या बोटायले कायमचा निळसर रंग. वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडं आले होते. पोराले काही रेल्वेत नोकरी लागली नाही, तेव्हा गोल बाज़ारातल्या नत्थू उस्तादाच्या हाताखाली ठेवून दिलं. उस्तादानं पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. एक, जे बांधतो ते वाचायचं नाही, वाचत बसला तर हात थांबते. दुसरी, तीन बाजूनं कापल्याशिवाय वही दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. भाऊजीनं पन्नास वर्षं दोन्ही गोष्टी पाळल्या. कोर्टाचे कागद बांधले, कॉलेजच्या पोट्ट्यायचे थीसिस बांधले, कोण्या कवीच्या कविताही बांधल्या असतील. एक ओळ वाचली नाही.

आता रजिस्टरं कोणाले पाहिजेत? सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलं. अलीकडं मंजिरी नावाची एक पोट्टी येते, हातकागदाच्या डायऱ्या बनवून घेते. तिच्या भाषेत जर्नल. तिले काठ तसेच पाहिजेत, झिपरे. "अंकल, काटना मत, ऐसेही अच्छा लगता है." भाऊजी मान हलवत, पण घरी येऊन चिडत. म्हणत, बिनकापलेली वही विकताना मले लाज वाटते.

तीन वर्षांमागं इंदूच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, डॉक्टरनं स्वरयंत्रच काढून टाकलं. आता इंदू म्हणजे आमच्या खानदानातली सगळ्यात बोलकी बाई. भाजीवाल्याशी बोलणार, भिंतीशी बोलणार, कुकरशी बोलणार. तिचा आवाज गेला, म्हणजे घराले टाळं लागल्यासारखंच झालं. भाऊजी त्या दिवशी दुकानात गेले. उरलेल्या कागदायचे तुकडे तळहाताएवढे कापले, एका बाजूनं शिवले, वर जाड पुठ्ठा लावला अन् दोऱ्यानं पेन्सिल बांधली. आणून तिच्या हातात दिलं. तिनं पहिली ओळ लिहिली, "पेन्सिल बोथट आहे." अन् आम्ही तिघं हसत हसत रडलो.

मग चौदा महिने इंदू अशीच बोलली. माझ्याशी भांडलीसुद्धा. मी ओरडून मोकळी व्हायची, अन् ती शांतपणे लिहीत बसायची. तिचं लिहिणं होईपर्यंत माझा राग पार उतरून जायचा. मग ती ते पान माझ्या नाकासमोर धरायची, "तू लहानपणापासूनच आगाऊ आहेस", खाली तीन रेघा. काय करावं अशा बाईले!

सुरुवातीले ती बेतानं लिहायची, बाजूले कोरी जागा सोडून. पुढं बोलणं वाढलं, तशा भाऊजीनं वह्या मोठ्या केल्या. पण बाइंडरची बायको ती, कागद वाया जाऊ देईन? काठापर्यंत लिहायची. ओळ अशी काठाले भिडलेली, की शेवटचं अक्षर पानाच्या बाहेर पडते की काय असं वाटे. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिनं एक अख्खं पान लिहिलं. पेन्सिल सापडली नाही, म्हणून नर्सबाईचा हिरवा पेन मागून घेतला. ते पान भाऊजीसाठी होतं. ते तिनं त्यायले दिलं, अन् दोन दिवसांनी गेली.

ते पान भाऊजीनं वाचलंच नाही. सगळ्या वह्या एका स्टीलच्या डब्यात घातल्या, वर ते पान ठेवलं अन् झाकण लावलं. मी किती वेळा म्हटलं, भाऊजी, निदान तेवढं तरी वाचा. म्हणत, "माझ्यानं नाही होत, वनमाला. तिचं अक्षर पाहिलं की छातीत धडधडते."

वर्षश्राद्ध जवळ आलं, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "इंदूचं सगळं बोलणं एका वहीत बांधतो. ईरा येणार आहे. तिच्या हातात देतो. शेवटचं पान तिले वाचायले लावीन, मी ऐकीन." ईरा म्हणजे त्यायची एकुलती एक पोट्टी, हैदराबादले नोकरीत आहे. मराठी सगळी समजते, बोलते हिंदीत.

मी म्हटलं, "द्या इकडं, मी आत्ताच वाचून दाखवते."

"नको," ते म्हणाले. "एकदाच ऐकीन. नीट ऐकीन."

मीच हिसकून घेतलं असतं तर! एवढी आगाऊ मी, अन् त्याच दिवशी शहाण्यासारखी गप्प बसली.

वीस दिवस ते काम चाललं. जुन्या वह्या उसवल्या. एकेका सुट्या पानाले पातळ कागदाची पट्टी चिकटवून जोड्या केल्या, मग दोऱ्यानं शिवल्या. तीनशेच्या वर पानं होती. हे सगळं करताना नजर खाली, पण वाचायचं नाही. मी जेवणाचा डबा घेऊन जायची, तेव्हा पहायची. पान उलटं धरत, अक्षरं डोक्यावर उभी राहतील असं. म्हणजे वाचलंच जाणार नाही.

वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी मी दुकानात गेली, तर वही तयार. निळं कापड, कोपरे घट्ट, पाठ गोल. अन् तिन्ही काठ असे सफाईदार, की बोट फिरवावं. भाऊजी किती दिवसांनी हसले. "पाह्य वनमाला, झिपरी होती, सरळ करून टाकली."

मी उघडली. पहिली पानं ठीक होती, "चहात साखर कमी टाका", "पंखा हळू करा". पुढं गेली. "वनमाला उद्या आली की तिले सांगा का", अन् पुढं काहीच नाही. दुसरं पान पाहिलं. तिसरं पाहिलं. प्रत्येक ओळ मधातच सरून गेलेली.

"भाऊजी, हे काय केलं हो?"

त्यायले कळेचना. त्यायनं माप घेतलं होतं पहिल्या, लहान वह्यायवरून. तिथं बाजूले कोरी जागा होती. मोठी पानं बाहेर आली होती, त्यायले वाटलं तिथंही तसंच कोरं असन. पाठीकडून ठोकून सारखं केलं, मशीनमध्ये दाबलं अन् चाक फिरवलं. पन्नास वर्षं फिरवलं तसंच.

मी ओरडली. आता सांगायलेही लाज वाटते, काय काय बोलली मी. "त्या मंजिरीच्या कोऱ्या वह्यायचे काठ सोडले अन् माझ्या बहिणीचे कापले? डोळे फुटले होते का? एक डाव वाचून पाहिलं असतं तर काय मेले असते?" गल्लीतले दोन लोक दारात येऊन उभे राहिले. भाऊजीनं वही माझ्या हातातून घेतली, शेवटचं पान उघडलं अन् पाहून बसून राहिले. तोंडावरचा सगळा रंग उतरून गेला. मग मले माझ्याच तोंडाचा राग आला.

"कतरण कुठं आहे?" मी विचारलं.

कतरण, म्हणजे ते कापलेले काठ, गोल बाज़ारातला एक बांगडीवाला नेते. काचेच्या बांगड्या डब्यात भरताना मधात घालाले. चार दिवसांमागं अख्खा गोणा घेऊन गेला होता.

ऑटो केला अन् गेलो. बांगडीवाला भला माणूस, त्यानं ऐकलं अन् सगळे डबे आमच्यापुढं ठेवून दिले. लग्नसराईची गर्दी, बाया हात पुढं करून बांगड्या भरून घेऊन राहिल्या, अन् आम्ही दोघं म्हातारे खाली बसून एकेक डबा उघडून पाहून राहिलो. दोन-तीन बोटांच्या पट्ट्या. त्यावर इंदूचं पेन्सिलीचं अक्षर, "लवकर या", "दुखते", "नको". कोणत्या पानाचं काय, कसं सांगावं? भाऊजी फक्त हिरवी शाई शोधत होते. हिरवी पट्टी काही मिळाली नाही. बांगडीवाला म्हणाला, आधा माल तो राजिम और धमतरी चला गया, बाबूजी. म्हणजे माझ्या बहिणीचे शब्द कोण्या नवरीच्या बांगड्यायसंग गेले. तिनं डबा उघडला असन अन् कागद फेकून दिला असन. तिले काय माहीत?

मूठभर पट्ट्या रुमालात बांधून आम्ही परत आलो.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर ईरानं वही मांडीवर घेतली. आम्ही तिले काही सांगितलं नव्हतं. मीच म्हटलं होतं, सांगू नका, मीच सांगीन सावकाश. पण तिनं उघडलं ते शेवटचंच पान. अडखळत वाचू लागली.

"ईराचे पप्पा, मी आता थकली. तुम्ही मात्र..." ती थांबली. "पप्पा, ये आगे कटा हुआ है."

"हव. वाच पुढं."

"दुकानात दिवसभर बसून... ईराच्या लग्नाची घाई... वनमालेच्या तोंडाले लागू..." इथं ती जरा हसली, मीही हसली. "माझी आठवण..."

"पुढं?"

"कुछ नहीं है, पप्पा. फिर लास्ट में लिखा है, एवढं कराल ना?"

भाऊजी उठून आतल्या खोलीत गेले. ईरा माझ्याकडं पाहत राहिली. मी तिले सगळं सांगितलं. ती बापावर रागावली नाही, मीच रागावली होती तेवढं पुष्कळ झालं. ती आत जाऊन त्यायच्या जवळ बसली.

ईरा परत गेली. महिनाभरानं भाऊजी माझ्या घरी आले. इंदूची चांगली शाल माझ्या हातात दिली. म्हणाले, "वनमालेले शाल द्या, असं लिहिलं असन का तिनं?" मी म्हटलं, असन. पुढं त्यायनं दुकान पाच वाजताच बंद करणं सुरू केलं. ईराले रोज फोन करू लागले, पण लग्नाचं नाव काढत नाहीत. दोन नवीन शर्ट शिवले. हैदराबादले आठ दिवस राहूनही आले. हा माणूस, ज्यानं रायपूर कधी सोडलं नाही! प्रत्येक डाव येऊन विचारत, असं म्हटलं असन ना तिनं? मी हव म्हणायची. मले वाटलं, पान गेलं म्हणून मनाचं समाधान करून राहिले असतील.

परवा आले, तेव्हा मी विचारलंच. "भाऊजी, काहून इतका जीव आटवता? तिनं मागितलं अन् तुम्ही कापलं, झालं ते झालं. तुम्ही काय वचन दिलं होतं?"

"दिलं होतं," ते म्हणाले.

मी चहा गाळता गाळता थांबली.

"ते पान तिनं माझ्यापुढं धरलं तेव्हा डॉक्टर आले होते. मी कागदावर नजर फिरवली, वाचलं नाही. काम करताना नाही वाचत, तसंच. तिनं मानेनं विचारलं, कराल ना? मी म्हटलं, हो इंदू, सगळं करीन. ती इतकी समाधानानं हसली. कायले हो म्हटलं, तेच मले माहीत नाही, वनमाला. म्हणून जे सुचते ते करतो. त्यातलं एखादं तरी बरोबर निघन."

मी कप त्यायच्यापुढं सरकवला. ते खाली पाहत म्हणाले, "अन् 'माझी आठवण' पुढं काय असन? ठेवा म्हटलं असन तर ठीक आहे, ती ठेवतोच. पण माझी आठवण काढत बसू नका, असं लिहिलं असन तर? त्यालेही मी हो म्हणून बसलो ना. तेवढं एक माझ्यानं होणार नाही."

"काहीतरीच बोलता!" मी त्यायच्यावर ओरडली. "असं कोणी लिहिते का? ठेवाच म्हटलं असन, शंभर टक्के." ते हव म्हणाले, चहा प्याले, कप धुऊन उलटा ठेवला अन् गेले. मी दार लावलं अन् तिथंच खाली बसून रडली, कारण इंदूले मी जन्मापासून ओळखत होती. तिनं काढू नका असंच लिहिलं असन.